ज्या रोगाचे नाव अहवालात येत नाही

२०२१ साली अमेरिकेतील कॅन्सस, मिनेसोटा, टेक्सास आणि जॉर्जिया या चार राज्यांत चार रुग्णांना एकच विलक्षण जिवाणुसंसर्ग झाला. चौघांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता आणि त्यांच्यापैकी कोणीही परदेशप्रवास केलेला नव्हता. दोघांचा मृत्यू झाला. त्यांत एक लहान मूल होते. रोगाचे नाव होते मेलिओइडोसिस. उष्ण कटिबंधातील माती आणि पाणी हे ज्या जिवाणूचे घर, तो अमेरिकेच्या मध्यभागी पोहोचला कसा, हे कोडे होते.

तेथील रोगनियंत्रण यंत्रणेने चारही रुग्णांतील जिवाणूंचे संपूर्ण जनुकक्रम वाचले. ते जवळजवळ सारखे निघाले आणि त्यांचे साम्य दक्षिण आशियातील जिवाणूंशी जुळले. म्हणजे उगम एकच होता आणि तो कोणत्या तरी आयात वस्तूत दडलेला होता. मग रुग्णांच्या घरांतील वस्तू, पाणी आणि माती यांचे नमुने तपासण्याचे चिकाटीचे काम सुरू झाले. अखेर ऑक्टोबर महिन्यात जॉर्जियातील रुग्णाच्या घरात सापडलेल्या सुगंधी फवाऱ्याच्या एका बाटलीत तो जिवाणू मिळाला. बाटली भारतात तयार झालेली होती. सुमारे ३,९०० बाटल्या बाजारातून परत मागवण्यात आल्या.

ही कथा विज्ञानाच्या वर्गात शोधकथेसारखी सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण भारतीय वाचकाने तिच्यातील एका वेगळ्या प्रश्नापाशी थांबायला हवे. अवघ्या चार रुग्णांसाठी एका देशाची यंत्रणा एका बाटलीपर्यंत पोहोचली. ज्या भूमीतून तो जिवाणू गेला, त्या भूमीवर त्याच रोगाने आजारी पडणाऱ्या किती जणांच्या केसपेपरवर या रोगाचे नाव लिहिले जाते? फारच थोड्यांच्या. बहुतेकांच्या कागदावर ‘क्षयरोग’, ‘न्यूमोनिया’, ‘सेप्सिस’ किंवा ‘अज्ञात कारणाचा ताप’ असे शब्द असतात. काहींच्या बाबतीत तेच शब्द पुढे मृत्यूच्या दाखल्यावर उतरतात.

विस्मरणाचा इतिहास

या रोगाचे पहिले वर्णन कोणत्याही दूरच्या देशात झालेले नाही. १९११ साली रंगून येथील रुग्णालयात रोगनिदानतज्ज्ञ आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांना शवविच्छेदनात काही चमत्कारिक मृतदेह आढळले. फुप्फुसे, यकृत, प्लीहा या अवयवांत पुवाचे गोळे होते. घोड्यांना होणाऱ्या ‘ग्लँडर्स’ या रोगाशी त्याचे साम्य होते. पण या रुग्णांचा घोड्यांशी संबंध नव्हता. त्यांतील बरेच जण मॉर्फिनच्या आहारी गेलेले, निराधार लोक होते. व्हिटमोर यांनी पुवातून जिवाणू वाढवला आणि तो ग्लँडर्सच्या जिवाणूपेक्षा वेगळा असल्याचे दाखवले. ग्लँडर्सचा जिवाणू अचल असतो, तर हा हालचाल करत होता. १९१२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ या नियतकालिकात. त्या काळी ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानाचाच एक प्रांत होता.

म्हणजे रोगाची जन्मनोंद भारतीय नियतकालिकात आहे. पुढे त्याला ‘व्हिटमोरचा रोग’ असेही नाव पडले; कृष्णस्वामींचे नाव मात्र त्यातून गळले. आणि भारतातील पहिला रुग्ण वैद्यकीय वाङ्मयात कधी नोंदला गेला? १९९१ साली, मुंबईतील एका बालकाच्या रूपाने. दोन नोंदींमध्ये जवळपास ऐंशी वर्षांचे अंतर आहे. या काळात जिवाणू भारताच्या मातीतून कोठे निघून गेला होता असे मानण्यास कोणताही आधार नाही. जे नव्हते ते त्याला ओळखण्याचे काम. १९९० च्या दशकापासून वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि पुढे मणिपालचे कस्तुरबा मेडिकल कॉलेज यांसारख्या संस्थांनी जाणीवपूर्वक शोध घेण्यास सुरुवात केली, तेव्हा तामिळनाडू, कर्नाटकाची किनारपट्टी, केरळ, ओडिशा आणि ईशान्य भारत येथून रुग्ण ‘दिसू लागले’. नकाशावर जेथे ठिपके दाट आहेत, तेथे रोग अधिक आहे, एवढाच त्याचा अर्थ नाही. तेथे चांगली सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा आहे, असाही त्याचा अर्थ आहे.

२०१६ साली ‘नेचर मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात एक जागतिक अंदाज प्रसिद्ध झाला. जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० लोकांना मेलिओइडोसिस होत असावा आणि त्यांपैकी सुमारे ८९,००० दगावत असावेत, असे त्यात म्हटले होते. या ओझ्यापैकी सुमारे ४४ टक्के वाटा एकट्या दक्षिण आशियाचा होता. हा गणिती प्रारूपावर आधारलेला अंदाज आहे, मोजणी नव्हे, हे लक्षात ठेवायला हवे. परंतु तो निम्म्याने चुकला असे गृहीत धरले, तरी उरणारा आकडा ‘दुर्मीळ’ या शब्दात मावत नाही.

एक कल्पित रुग्ण

निदान नेमके कोठे हुकते, हे समजण्यासाठी एक रुग्ण कल्पावा. पन्नाशीतला भातशेतकरी. मधुमेह पाच-सहा वर्षांपासून, औषधे अनियमित. आषाढात लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभे राहून काम केलेले. पायाला जुनी चीर. महिन्याभरात ताप येऊ लागतो, खोकला होतो, वजन उतरते. गावातील डॉक्टर आधी एक प्रतिजैविक देतात, मग दुसरे. ताप थोडा उतरतो, पुन्हा चढतो. तालुक्याला छातीचा एक्स-रे काढला जातो. फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसतो. थुंकीत क्षयाचे जंतू मिळत नाहीत. तरीही ‘थुंकी निगेटिव्ह क्षय’ समजून उपचार सुरू होतात. सहा आठवडे जातात. ताप हटत नाही. पोटाच्या सोनोग्राफीत प्लीहेत बारीक गळवे दिसतात. जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत रक्तदाब कोसळलेला असतो.

या साखळीतील कोणताही डॉक्टर निष्काळजी नव्हता, हा या उदाहरणातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. ताप, खोकला, घटणारे वजन आणि फुप्फुसाच्या वरच्या भागातील डाग हे चित्र पाहून भारतीय डॉक्टरने प्रथम क्षयाचा विचार केला नाही, तरच त्याला दोष द्यावा लागेल. संभाव्यतेच्या हिशेबात तो बरोबरच असतो. चूक पहिल्या अनुमानात नसते. पुरावा मिळत नसताना आणि उपचाराला प्रतिसाद नसताना तेच अनुमान चालू ठेवण्यात ती असते. आणि ते चालू राहते, कारण दुसरे उत्तर शोधण्याचे साधन डॉक्टरच्या हाताशी नसते.

मेलिओइडोसिसचे सोंग घेण्याचे कौशल्य विलक्षण आहे. तो न्यूमोनियाच्या रूपाने येतो, यकृत-प्लीहेतील गळवांच्या रूपाने येतो, सांध्यात पू होऊन येतो, पुरुषांत प्रोस्टेटमध्ये गळू होऊन येतो, मुलांत कानाखालच्या लालाग्रंथीची सूज होऊन येतो. कधी तो एका रात्रीत सेप्सिस घडवतो, तर कधी महिनोन्‌महिने कुरतडत राहतो. शरीरात दीर्घकाळ सुप्त राहण्याची त्याची क्षमताही थक्क करणारी आहे. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात युद्धकैदी असलेल्या एका अमेरिकी सैनिकात संसर्गानंतर तब्बल ६२ वर्षांनी रोग प्रकट झाल्याची नोंद आहे. असे टोकाचे प्रकार विरळाच. बहुतेक रुग्ण संपर्कानंतर काही दिवस ते काही आठवड्यांत आजारी पडतात आणि तेही प्रामुख्याने पावसाळ्यात.

प्रयोगशाळेच्या टेबलावर

हा जिवाणू ओळखणे अतिशय कठीण असते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय हे त्याचे शास्त्रीय नाव. तो हट्टी नाही. साध्या रक्त-अगारवर आणि मॅककॉन्की अगारवरही वाढतो. ग्रॅम-रंजनात तो लाल, दोन्ही टोकांना अधिक गडद, म्हणजे मिटलेल्या सेफ्टी पिनसारखा दिसतो. पहिल्या दिवशी त्याच्या वसाहती गुळगुळीत असतात. दोन-तीन दिवसांनी त्या कोरड्या होतात, त्यांवर सुरकुत्या पडतात. अनेक प्रयोगशाळांत थाळी दुसऱ्याच दिवशी टाकून दिली जाते. सुरकुत्या पडण्याआधीच साक्षीदार कचऱ्यात जातो.

त्याहून मोठा सापळा नामकरणाचा आहे. ऑक्सिडेज चाचणी होकारार्थी, लॅक्टोज न आंबवणारा ग्रॅम-निगेटिव्ह दंडाणू सापडला की अहवालात ‘स्यूडोमोनास प्रजाती’ असे लिहून मोकळे होण्याची सवय आहे. पुष्कळदा तर तो बाहेरून आलेला दूषक जंतू समजून दुर्लक्षिला जातो. स्वयंचलित यंत्रेही येथे चुकतात. काही प्रचलित यंत्रे त्याला बर्कहोल्डेरिया सेपेशिया हे त्याच्या नातलगाचे नाव देतात. प्रथिनांच्या वस्तुमानावरून जिवाणू ओळखणारे ‘माल्डी-टॉफ’ हे अत्याधुनिक यंत्रसुद्धा, त्याच्या माहितीसंचात या जिवाणूची नोंद नसेल, तर बर्कहोल्डेरिया थायलँडेन्सिस या निरुपद्रवी भावंडाचे नाव छापते. यंत्र काही कोटींचे असो वा काही लाखांचे, त्याला जे शिकवलेले नाही ते त्याला दिसत नाही. ही गोष्ट यंत्रांइतकीच माणसांनाही लागू आहे.

आणि तरीही या कोड्याची एक किल्ली अगदी स्वस्त आहे. हा जिवाणू जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन प्रतिजैविकांना निसर्गतःच दाद देत नाही. को-अमॉक्सिक्लॅव्हला मात्र तो सहसा बळी पडतो. असा स्वभाव जिवाणूंच्या दुनियेत विरळा आहे. म्हणून थाळीवर या तीन औषधांच्या तीन चकत्या ठेवल्या आणि पहिल्या दोहोंभोवती जिवाणू निर्धास्त वाढला, तिसरीभोवती मात्र मोकळे वर्तुळ उमटले, तर तंत्रज्ञाच्या मनात शंकेची घंटा वाजायलाच हवी. याला अपवाद आहेत. उदाहरणार्थ, मलेशियातील सारावाक भागात जेंटामायसिनला बळी पडणारे प्रकार सापडले आहेत. परंतु पहिली चाळणी म्हणून ही पद्धत ज्या प्रयोगशाळेत औषध-संवेदनशीलता तपासली जाते, अशा कोणत्याही प्रयोगशाळेच्या आवाक्यात आहे. पुढे लॅटेक्स चाचणी किंवा जिवाणूच्या विशिष्ट जनुकावर आधारलेली पीसीआर यांनी मोठ्या केंद्रात खात्री करता येते.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली सुरक्षिततेची. संशय येताच पुढचे काम जैवसुरक्षा कक्षातच करावे. थाळी नाकाशी नेऊन वास घेण्याची जुनी सवय तर कायमची सोडावी. या जिवाणूच्या वसाहतींना मातीसारखा वास येतो असे पुस्तके सांगतात. त्याची खातरजमा करण्याचा मोह कोणत्याही विद्यार्थ्याने धरू नये, कारण श्वासावाटे होणारा संसर्ग घातक ठरू शकतो. दुसरी सूचना मर्यादेची. कल्चर हीच या रोगाच्या निदानाची कसोटी मानली जाते. पण तिची संवेदनशीलता साधारण ६० टक्केच असल्याचे थायलंडमधील अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे एक निगेटिव्ह अहवाल रोग नसल्याची हमी देत नाही. म्हणून रक्त, लघवी, थुंकी, घशातील स्राव आणि जेथे पू असेल तेथील पू असे सर्व नमुने घ्यावे लागतात, गरज पडल्यास पुन्हा घ्यावे लागतात आणि शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यावे लागतात.

नाव कळल्याने काय बदलते

काही वाचक विचारतील की ताप आहे, सेप्सिस आहे, तर जबरदस्त प्रतिजैविक देऊन टाकावे. जिवाणूचे नाव कळण्याने असा काय फरक पडतो? फरक जीवनमरणाचा पडतो. या जिवाणूवर जेंटामायसिन निरुपयोगी आहे, हे वर आलेच. भारतीय रुग्णालयांत ताप-न्यूमोनियासाठी सर्रास दिले जाणारे सेफ्ट्रियाक्सोन त्याच्यावर पुरेसे पडत नाही. त्याला सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान १० ते १४ दिवस आणि गळवे खोल असतील तर त्याहून अधिक काळ द्यावे लागते. त्यानंतर निदान तीन महिने को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या घ्याव्या लागतात. नाव माहीत नसेल, तर सुदैवाने योग्य औषध मिळालेला रुग्णसुद्धा पाचव्या-सातव्या दिवशी ताप उतरला म्हणून घरी जातो आणि रोग उलटतो. मुदतीचे हे ज्ञान केवळ नावातूनच येते.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील डार्विन शहराचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे १९८९ पासून प्रत्येक रुग्णाची शिस्तबद्ध नोंद ठेवली गेली. तीस वर्षांत १,१४८ रुग्ण नोंदले गेले. पहिल्या पाच वर्षांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. शेवटच्या पाच वर्षांत ते सुमारे ६ टक्क्यांवर आले. जिवाणू तोच राहिला. लवकर निदान, योग्य औषध आणि चांगली अतिदक्षता सेवा यांनी हा बदल घडवला. हा रोग अपरिहार्यपणे जीवघेणा आहे, या समजुतीला डार्विनच्या या आकड्यांनी उत्तर दिले आहे.

भारतात या प्रश्नाला आणखी एक किनार आहे. मेलिओइडोसिसचा सर्वांत मोठा जोखीम-घटक मधुमेह हा होय. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. एकीकडे भातशेती, मोसमी पाऊस आणि उष्ण माती; दुसरीकडे मधुमेहाने दुबळी केलेली शरीरे. या दोहोंची गाठ ज्या देशात पडते, त्या देशाने या रोगाला पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानावर ठेवणे परवडणारे नाही.

गोरखपूरने शिकवलेला धडा

हा केवळ एका जिवाणूचा प्रश्न नाही, हे उत्तर प्रदेशातील गोरखपूर परिसराने दाखवून दिले आहे. तेथे वर्षानुवर्षे पावसाळ्यात मुलांना मेंदूज्वर होई आणि मृत्यू होत. जपानी मेंदूज्वराचा विषाणू हे त्याचे कारण मानले जाई आणि ते दीर्घकाळ खरेही होते. २००५ च्या भीषण साथीनंतर लसीकरण सुरू झाले. जपानी मेंदूज्वराचे प्रमाण घटले, परंतु मुलांचे मृत्यू थांबले नाहीत. ‘अज्ञात विषाणू’ हा शब्द मग सर्वतोमुखी झाला. पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०१५-१६ च्या सुमारास पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांत स्क्रब टायफसच्या संसर्गाचा पुरावा मिळाला. ज्याला सारे विषाणू समजत होते तो ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू होता. झुडपांत आणि गवतात राहणाऱ्या बारीक माइटच्या अळीच्या चाव्यातून तो शरीरात शिरतो. आणि त्यावर डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन ही स्वस्त औषधे उपलब्ध आहेत. त्यानंतर तापाच्या टप्प्यावरच, मेंदूवर परिणाम होण्याआधी ही औषधे देण्याचे धोरण आखले गेले.

स्क्रब टायफसच्या निदानातही एक साधी गोष्ट यंत्रापेक्षा मोलाची ठरते. चाव्याच्या जागी अनेकदा सिगारेटच्या चटक्यासारखा काळा खपला पडतो. तो दुखत नाही, म्हणून रुग्ण त्याविषयी बोलत नाही. तो काखेत, जांघेत किंवा स्तनांखाली असतो, म्हणून घाईच्या तपासणीत दिसत नाही. रुग्णाला आडोसा देऊन अंगभर नीट पाहणे, ही यातील पहिली आणि फुकटची चाचणी होय. गर्दीने तुडुंब भरलेल्या बाह्यरुग्ण विभागात नेमका तेवढाच वेळ डॉक्टरांपाशी नसतो. अनेक लहान दवाखान्यांत आजही वाइल-फेलिक्स ही जुनी, दुसऱ्याच जिवाणूचे प्रतिजन वापरणारी आणि पुष्कळ रुग्ण निसटू देणारी चाचणी होते. विश्वासार्ह आयजीएम एलायझा मोठ्या केंद्रांपुरती राहते.

गोरखपूर आणि मेलिओइडोसिस या दोन्ही कथांचे सूत्र एक आहे. एखादे परिचित नाव इतके बलवान होते की त्याच्या सावलीत दुसरे कारण दिसेनासे होते. ‘असाधारण’ या शब्दाचा वैद्यकातील अर्थ म्हणूनच नीट तपासला पाहिजे. काही रोग खरोखर विरळ असतात. काही रोग मात्र केवळ शोधले न गेल्यामुळे विरळ भासतात. आणि ते विरळ भासतात म्हणून पुन्हा शोधले जात नाहीत. हे दुष्टचक्र जिवाणूने निर्माण केलेले नाही, त्यामुळे ते तोडण्याची जबाबदारीही माणसांचीच आहे.

आक्षेप आणि उत्तरे

यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप खर्चाचा आहे आणि तो प्रामाणिक आहे. ज्या आरोग्यव्यवस्थेला परिचारिका आणि खाटा पुरत नाहीत, तिने विरळ जिवाणूंच्या मागे का धावावे? उत्तर असे की येथे कोणत्याही एका जिवाणूसाठी वेगळी व्यवस्था मागितलेली नाही. मागणी आहे ती जिल्हा रुग्णालयात चोवीस तास चालणाऱ्या ब्लड कल्चरची. ती व्यवस्था मेलिओइडोसिसइतकीच विषमज्वराला, नवजात बालकांच्या सेप्सिसला आणि बाळंतिणींच्या संसर्गाला उपयोगी पडते. विरळ रोगाचे निदान हे त्या व्यवस्थेचे उपफळ असेल. आज अनेक ठिकाणी तापाच्या रुग्णाची विडाल चाचणी होते, जिच्या निष्कर्षावर भरवसा ठेवणे कठीण असते. आणि रक्ताची कल्चर बाटली मात्र मागवलीच जात नाही. तेथे आधी खर्चाचा क्रम बदलण्याची गरज आहे.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो. विरळ रोगांची चर्चा वाढली की डॉक्टर घाबरून प्रत्येक तापाला मेरोपेनेम देऊ लागतील आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू अधिकच माजतील. ही भीती रास्त आहे. परंतु अंदाजाने दिलेल्या भारी औषधावर खरा उतारा निदानच होय. जिवाणूचे नाव आणि त्याची संवेदनशीलता कळली की औषध नेमके करता येते, अनावश्यक औषध थांबवता येते. ज्या वॉर्डात कल्चर होत नाही, तेथे औषधाची निवड भीती करते.

काय करता येईल

पहिली गोष्ट सवयीची. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी पुरेसे रक्त, म्हणजे प्रौढ रुग्णात एका बाटलीत साधारण ८ ते १० मिलिलिटर, कल्चरसाठी घेतले जावे. रुग्ण गंभीर असेल तर औषधाला उशीर करू नये. परंतु सुई टोचतच असते, तेव्हा बाटली भरण्यास क्षणांचाच अवधी लागतो.

दुसरी गोष्ट क्षयरोग कार्यक्रमाशी जोडलेली आहे. जिवाणूचा पुरावा न मिळता क्षयाचे उपचार सुरू झालेला, मधुमेही आणि काही आठवड्यांत सुधारणा नसलेला रुग्ण हा पुनर्विचाराचा रुग्ण मानला जावा. त्याच्या पुवाचे, थुंकीचे आणि रक्ताचे साधे जिवाणु-कल्चर व्हावे. क्षयाच्या कार्यक्रमाने खेड्यापाड्यांपर्यंत थुंकीचे नमुने वाहून नेण्याची जी व्यवस्था उभी केली आहे, तिच्याच आधारे हे करता येण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट प्रयोगशाळेच्या शिस्तीची. ‘स्यूडोमोनास प्रजाती’ हा शब्द अहवालाचा शेवट ठरू नये. रक्तात किंवा खोल गळवात असा जिवाणू सापडला की तीन चकत्यांची चाळणी व्हावी आणि संशयित नमुना सुरक्षित रीतीने संदर्भ प्रयोगशाळेकडे जावा. कोणत्या जिल्ह्याने कोणत्या केंद्राकडे पाठवावे, याची यादी भिंतीवर लावलेली असावी. वेल्लोर-मणिपालसारख्या केंद्रांनी मिळवलेले कौशल्य त्यांच्या आवाराबाहेर पडण्याचा मार्ग तोच आहे.

चौथी गोष्ट नोंदीची. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची शासनाकडे नोंद करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. त्यामुळेच त्या रोगाचा आकडा, नकाशा आणि अंदाजपत्रक अस्तित्वात आले. मेलिओइडोसिसलाही अशी देशव्यापी नोंद हवी. जो रोग मोजला जात नाही, त्याच्यासाठी पैसा मागता येत नाही, औषधसाठा ठरवता येत नाही आणि शेतकऱ्याला चिखलात उतरताना गमबूट व जखमेवर आवरण वापरण्याचा साधा सल्लाही कोणी देत नाही.

पाचवी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी आहे. वैद्यकाच्या परीक्षेत या जिवाणूवर फार तर एक टीप येते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधराला तो चित्रातच भेटतो. परंतु चांगले निदान बहुधा दोन माणसांच्या संभाषणातून जन्मते. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ वॉर्डात फोन करून विचारतो, ‘हा रुग्ण मधुमेही आहे का? शेतात काम करतो का?’ आणि वॉर्डातील डॉक्टर प्रयोगशाळेला कळवतो, ‘थाळी लगेच टाकू नका, आणखी दोन दिवस ठेवा.’ या संवादाला यंत्र लागत नाही आणि निधीही लागत नाही.

त्या अमेरिकी बाटलीकडे अखेर पुन्हा वळावे लागते. चार रुग्ण, चार राज्ये, एक जनुकक्रम आणि एक बाटली, अशी ती साखळी जुळली. कारण पहिल्याच टप्प्यावर, कुठल्या तरी रुग्णालयाच्या टेबलावर, कोणीतरी थाळीवरचा अनोळखी जिवाणू ‘दूषक’ म्हणून फेकून दिला नाही. पुढचे सारे जनुकविज्ञान त्या एका नकारावर उभे आहे. कृष्णस्वामी आणि व्हिटमोर यांनी रंगूनमध्ये हेच केले होते. ज्यांच्या मृत्यूची चौकशी करायला कोणी आले नसते, अशा निराधारांच्या देहातील पू त्यांनी थाळीवर नेला आणि तो काय आहे हे विचारले. यंदाच्या पावसाळ्यातही कोठल्या तरी जिल्हा रुग्णालयात तापाने फणफणलेला एक शेतकरी दाखल होईल. त्याच्या रक्ताची बाटली भरली जाईल का, आणि भरली गेली तर तिच्यातील उत्तर वाचणारे कोणी तेथे असेल का, यावर त्याचे घरी परतणे ठरेल.